टँकरच्या खेपा मोजणारा लॅपटॉप

टँकरच्या लॉगबुकवरची माझी बातमी छापून आली, तेव्हापासून इनबॉक्समध्ये दोन प्रकारचे मेसेज येतायत. एक, "एवढं मोजलं कुणी? कुठल्या कंपनीला काम दिलं होतं का?" आणि दुसरा, "आमच्या गावाचंही मोजून द्या की." दोघांनाही एकच उत्तर आहे. कंपनी वगैरे काही नाही, नऊ वर्षांचा जुना लॅपटॉप आहे. आणि तुमच्या गावाचं तुम्हीच मोजू शकता, जरा वेळ लागेल एवढंच. पोस्ट लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी मामला काय ते थोडक्यात. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर चालले त्याची लॉगबुकं आणि देयकांचे तक्ते मी माहिती अधिकारात मागितले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, दोन रुपये पानाप्रमाणे ८२४ रुपये भरले, आणि ४१२ पानांचा गठ्ठा मिळाला. तक्ते टाईप केलेले, लॉगबुकं हातानं लिहिलेली, झेरॉक्स अशी की काही पानांवर कार्बनचा डाग कुठला आणि सही कुठली ते ओळखायचं. हा गठ्ठा देणाऱ्या माणसाला पक्कं माहीत असतं की पत्रकार पाच-दहा पानं चाळेल, एखादी मोठी रक्कम दिसली की तिची बातमी करेल आणि गठ्ठा माळ्यावर जाईल. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. कागद लपवायची गरजच पडत नाही, एवढे द्यायचे की मोजणारा थकला पाहिजे.

मोजायचं ठरवलं तर माझ्याकडे होता २०१६ चा लॅपटॉप. इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क. सुरू केला की आंघोळ करून यावं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर घेत नाही, अगदी मोजके सोडले तर. स्टँडजवळच्या दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, "काका, हा भंगारात द्या, एक्सचेंजमध्ये चाळीस हजारांत नवीन बसवून देतो." चाळीस हजार म्हणजे तालुका प्रतिनिधीचं किती महिन्यांचं मानधन, हे या धंद्यातल्यांना विचारा. मी त्याला म्हटलं, नवीन नको, एसएसडी टाक आणि रॅम बारा जीबी कर. नाराज झाला, पण करून दिलं. सगळं मिळून पाच हजारांच्या आत.

लॅपटॉप हळू चालतोय म्हणून नवा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो. बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतो, फिरणाऱ्या डिस्कचा असतो. एसएसडी बसल्यावर तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उघडतो.

त्यावर लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे म्हणून टाकलं असं लोकांना वाटतं, आणि ते खरंही आहे. पण दुसरं कारण मोठं. पत्रकारांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या निम्म्या मशीनवर चोरीचं सॉफ्टवेअर असतं, सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. दुसऱ्याची बिलं तपासायला बसलेल्या माणसाच्या मशीनवर क्रॅक केलेलं ऑफिस असणं मला बरं दिसेना. आणि त्या क्रॅकसोबत आणखी काय काय आत येतं याची खात्री कोण देणार? मिंट टाकताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो, तो मी निवडला. मला कागद आणून देणारी माणसं सरकारी नोकरीत आहेत. लॅपटॉप बसमध्ये राहिला किंवा कुणी उचलून नेला तर त्यांची नावं बाहेर पडता कामा नयेत. फक्त हा पासवर्ड विसरलात तर डेटा परत आणणारं कुणी नाही, हे ध्यानात ठेवा. माझा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या देव्हाऱ्यामागे ठेवलेला होता, आता ही जागाही बदलावी लागणार.

आता कळीचा मुद्दा, मराठीचा. इंग्रजीत प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉप कसा लावावा यावर हजार व्हिडिओ आहेत. त्यात आपल्या अडचणींबद्दल चकार शब्द नसतो.

आपल्या सरकारी आणि छापखान्यातल्या मराठीचा मोठा भाग अजून जुन्या फॉन्टमध्ये अडकलाय. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी वगैरे. या फॉन्टमध्ये मराठी दिसते, पण आत असते इंग्रजी. कृतिदेवमध्ये तुम्ही "राम" वाचता, तेव्हा फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजीची जे, के आणि ई ही तीन अक्षरं साठवलेली असतात, वरून फक्त मराठी मुखवटा. डोळ्याला फरक कळत नाही. पण कॉम्प्युटरला "राम" शोध म्हटलं तर त्याला तो सापडणारच नाही, कारण तिथे राम नाहीच. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे. म्हणजे हा प्रश्न सुटून तीस वर्षं उलटली, आपण अजून त्यातच आहोत. माझ्या पेपरचं डेस्कही बातमी जुन्या फॉन्टमध्येच मागतं. मी लिहितो युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, आणि पाठवायच्या अगदी शेवटच्या मिनिटाला कन्व्हर्टरमधून काढून देतो. इनस्क्रिप्ट शिकायला मला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा रडकुंडीला आणतो. पण एकदा हात बसला की हिंदी, गुजराती, कन्नड सगळ्या लिप्या त्याच बोटांनी येतात, कारण मांडणी एकच.

दुसरी गंमत पीडीएफची. युनिकोडमध्ये केलेल्या मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी करून बघा. वेलांट्या उडालेल्या असतात, रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसलेला असतो. म्हणून मी कॉपी करत बसतच नाही. पानाचा फोटो समजून थेट ओसीआर करतो. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याला मराठी भाषेची फाईल वेगळी इन्स्टॉल करावी लागते, आणि छापील मराठी ते बऱ्यापैकी वाचतं. स्कॅन निदान ३०० डीपीआयचा हवा. मोबाईलनं वाकडातिकडा काढलेला फोटो दिलात तर तेही वाकडंच वाचणार. आकड्यांत घोळ घालतं, १ आणि ९, ५ आणि ६. त्यावर साधा उपाय म्हणजे तक्त्याखाली छापलेली बेरीज. प्रोग्रॅमला सांगायचं, रकान्याची बेरीज कर आणि खालच्या आकड्याशी जुळव. जुळली नाही ते पान बाजूला काढ. ती पानं मग मी डोळ्यांनी बघायचो. गंमत म्हणजे दोन पानांवर ओसीआर बरोबर होतं आणि छापलेली बेरीजच चुकलेली होती. देयक त्याच बेरजेवर निघालेलं.

मराठी अंकांचं काय, असंही एकानं विचारलंय. माझ्या शीटमध्ये मराठी आकडे टाकले की बेरीज शून्य यायची, कारण त्याला ती अक्षरं वाटतात. पायथनला मात्र "१२३" दिलं तर तो निमूटपणे एकशे तेवीस समजतो. या भाषेवर माझा जीव जडला तो तिथे.

आणि तो ऱ. यावर दोन रात्री गेल्या, म्हणून सविस्तर सांगतो. गावाच्या नावात कुऱ्हा, कुऱ्हाड, कुऱ्हे असं काही असेल तर ते नाव युनिकोडमध्ये निदान तीन तऱ्हांनी लिहिता येतं. ऱ हे एकसंध अक्षर वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच. कॉम्प्युटरला तीन वेगळी गावं. एका गावाच्या खेपा तीन ठिकाणी विभागल्या गेल्या की बेरीज कमीच येणार. पहिल्या दोन तऱ्हा एक करायला पायथनमध्ये एका ओळीची सोय आहे, तिसरीसाठी स्वतः बदल लिहावा लागतो. तालुक्यातल्या सगळ्या गावांची नावं एकदा शुद्ध करून एक यादी बनवून ठेवली आणि आता प्रत्येक कागद आधी त्या यादीतून जातो. "बु." आणि "खु." सुद्धा त्यातच. बुद्रुकचं पाणी खुर्दच्या नावावर गेलं तर भांडणं लागतील हो.

पायथन मला येत होतं का? अजिबात नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा आम्हाला कॉम्प्युटर म्हणजे पान लावायचं यंत्र एवढंच शिकवलं होतं. कॉलेजात बीएस्सी करणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येऊन शिकवायची. "सर, आधी कागदावर लिहा तुम्हाला काय हवंय ते, मग टाईप करा," हे तिचं पालुपद. आमच्या डेस्कवर मी नव्या पोरांना बातमीबद्दल नेमकं हेच सांगतो, त्यामुळे ऐकून घेतलं. मिंटमध्ये पायथन आधीच असतं. वेगळं काही विकत घ्यायचं नाही. लिहायला साधा एडिटर, एका बाजूला टर्मिनल. टर्मिनलमध्ये देवनागरी फाटकी दिसते, काना एकीकडे मात्रा दुसरीकडे. त्याला घाबरू नका, आत मजकूर ठीक असतो. निकाल फाईलमध्ये काढायचा आणि लिब्रे ऑफिसमध्ये उघडायचा. डोळ्यांसाठी मुक्ता फॉन्ट टाका. मुंबईच्या एक टाईपनं केलेला आहे, मोफत आहे आणि लांब वाचायला बरा.

काही जण विचारतात, एआयकडून लिहून घेतलं का. काही भाग घेतला, का नाही घ्यायचा? पण एक पथ्य पाळलं. कोड विचारला, कागद दिले नाहीत. कुणाचं नाव, कुणाची सही असलेलं पान मी अशा कुठल्याही साईटवर चढवलेलं नाही. आणि त्यानं लिहिलेला कोड आधी अशा पाच पानांवर चालवायचा ज्यांची बेरीज आपण हातानं केलेली आहे.

हस्तलिखित लॉगबुकांपुढे मात्र टेसरॅक्टनं हात टेकले. ती हातानंच भरावी लागली. इथे एक जुनी युक्ती वापरली, जनगणनेच्या आणि बँकेच्या कामात माहीत असलेली. तीच पानं दोन माणसांनी वेगवेगळी भरायची, एकमेकांचं न बघता. मी एकदा, कॉलेजचा एक मुलगा एकदा. मग प्रोग्रॅमनं दोन्ही फाईली ओळीला ओळ लावून ताडल्या. २३१ ठिकाणी फरक निघाला. प्रत्येक ठिकाणी मूळ पान उघडून ठरवलं. जिथे दोघांनाही वाचता आलं नाही तिथे "अवाच्य" लिहिलं आणि ती ओळ हिशोबातून काढून टाकली. हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही आकडे बनवले, तर माझ्याकडे प्रत्येक आकड्याचं पान आहे.

फायलींबद्दल थोडंसं. नावाच्या सुरुवातीला तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपोआप क्रमानं लागतात. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही. मिळाल्या दिवशीच त्या प्रत्येक फाईलचा शा-२५६ हॅश काढून ठेवला. ६४ अक्षरांचा ठसा असतो, फाईलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हाच हॅश लिहायला सांगितलाय. प्रकरण कोर्टात जाईल न जाईल, पण एका कमांडचं काम आहे, करून ठेवावं. कोडचे आणि बातमीच्या मसुद्याचे बदल गिटमध्ये, म्हणजे "अंतिम", "अंतिम २", "एकदम अंतिम" अशा फायलींचा बाजार नको. बॅकअप दोन, एक घरातल्या डिस्कवर आणि एक गावाबाहेर बहिणीकडे. व्हॉट्सअ‍ॅप या लॅपटॉपवर टाकलेलंच नाही. कार्यक्षमतेचा यापेक्षा मोठा उपाय मला तरी सापडला नाही.

आता खेपांचं.

एका गावाचं सांगतो. लोकसंख्या ३,६००. टंचाईत माणशी २० लिटर धरायचं म्हणजे रोज ७२,००० लिटर. टँकर १२,००० लिटरचा, म्हणजे सहा खेपा. मंजुरी सहाची, लॉगबुकात सहा, देयकही सहाचं. कागद एकदम चोख. पण भरायच्या ठिकाणापासून गाव २२ किलोमीटर. मी त्या रस्त्यानं टँकरमागे दोन दिवस मोटारसायकल घातली. भरायला अर्धा तास, जायला पाऊण तास, रिकामा करायला वीस मिनिटं, यायला चाळीस मिनिटं. खेपेला सव्वादोन तास. लॉगबुकात पहिली नोंद सकाळी सातची, शेवटची संध्याकाळी सहाची. अकरा तासांत पाच खेपा कशाबशा बसतात, तेही वीज गेली नाही आणि ड्रायव्हर जेवला नाही तर. सहावी बसत नाही. पाच खेपा म्हणजे माणशी १७ लिटरच्याही आत. गावातल्या बायका सांगतात, रोज चारच यायच्या. चार म्हणजे १३ लिटर आणि थोडं. यात पिणं, स्वयंपाक, धुणं, म्हातारी माणसं, लेकरं, सगळं.

हाच हिशोब प्रोग्रॅमनं प्रत्येक गावाच्या प्रत्येक दिवसाला लावला. ओळी म्हणाल तर चाळीसेक. याशिवाय १९ नोंदी अशा मिळाल्या की एकाच दिवशी, एकाच वेळेत, एकाच नंबरचा टँकर दोन गावांत पाणी ओततोय.

मी याला घोटाळा म्हटलेलं नाही, बातमीतही नाही. कार्यालयात विचारलं तर भाऊसाहेब म्हणाले, "पत्रकारसाहेब, नंबर लिहिताना होतं हो इकडचं तिकडे. लॉगबुक ड्रायव्हरसोबतचं पोरगं लिहितं." होत असेल. १९ पैकी काही नक्की तसलेच असतील. पण वेळ न बसणारी सहावी खेप रोज, अडीच महिने, एकाच शाईत आणि एकाच वळणात लिहिलेली आहे, ती पोराची चूक कशी म्हणायची? हे सोडवायला टँकरला लावलेल्या जीपीएसची नोंद पुरेशी आहे. गाडी कुठे होती ते तिथे दिसेल. भाऊसाहेबांचं खरं असेल तर तेही त्यातूनच सिद्ध होईल.

म्हणून दुसरा अर्ज केला, जीपीएसच्या नोंदींसाठी, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हवी. तुम्हीही लिहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क आहे, आणि कलम ७(९) म्हणतं की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सर्वसाधारणपणे द्यावी. कार्यालयाची साधनं बेसुमार खर्च होत असतील किंवा अभिलेख खराब होणार असेल तरच नाही. पेन ड्राइव्हवर फाईल कॉपी करण्यात कुठली साधनं खर्च होतात? छापून देण्यातच जास्त होतात. तरी उत्तर आलं, "माहिती छापील स्वरूपात उपलब्ध असून पृष्ठसंख्या अंदाजे २,८०० आहे. कृपया ५,६०० रुपये भरावेत."

छापायला कॉम्प्युटर वापरणार, द्यायला नाही.

पैसे भरलेले नाहीत. कलम १९(१) खाली पहिलं अपील दाखल केलंय, सुनावणी येत्या बुधवारी साडेअकराला आहे. मी लॅपटॉप घेऊन जाणार आहे आणि जोडीला एक रिकामा पेन ड्राइव्ह, पॅकिंगसकट. ज्या गावांची नावं बातमीत आली त्यातलं कुणी येणार असेल तर अकराला गेटवर भेटा. आणि आपल्या ग्रामपंचायतीचं मोजायचंय म्हणणाऱ्या चौघांनी रविवारी सकाळी घरी या. जुना लॅपटॉप कितीही हळू असला तरी चालेल, फक्त त्यातलं सगळं आधी दुसरीकडे कॉपी करून आणा.